उलटी अक्षरं

रात्रपाळीला मी लोकांचं रक्त मोजते.
काचेवर एक थेंब, त्यावर जांभळा रंग,
शंभर पांढऱ्या पेशी, एकेक करून,
बटण टिक, टिक.
खिडकीबाहेर तार्तू, उणे अठरा,
आणि एका पेशीच्या पोटात मला
घुबड दिसतं, पंख मिटून बसलेलं.
रिपोर्टात घुबड लिहिता येत नाही.
हातमोज्यांच्या रिकाम्या खोक्यावर मी ते काढते
आणि खोकं घरी नेते. चोरी म्हणायची तर म्हणा.

सकाळी सातला चौथ्या मजल्यावर
लेलो वेणी घालून तयार, न खाता,
रूडी पलंगाखाली मोजा शोधतोय.
एकच हरवतो. कायम एकच.
आइवार फिनलंडात इमारतींना काचा बसवतो.
दर दुसऱ्या शुक्रवारी बोटीनं येतो,
दोन दिवस झोपतो, नळ दुरुस्त करतो,
आणि रविवारी दारात इतका वेळ बूट घालत बसतो
की पोरं म्हणतात, बाबा, जा ना एकदाचा.

पलंगाखाली माझे ठसेही आहेत.
लिनोलियमचे बावीस तुकडे, घुबडाचं पुस्तक.
चार वर्षं. कांजिण्या, हप्ते,
सासूबाईंचा मोडलेला खुबा,
यांच्या फटीफटीतून कोरलेलं.
मार्चमध्ये प्रकाशनगृह बंद पडलं.
पत्र सभ्य होतं, तीन ओळींचं,
पुढील वाटचालीस वगैरे.
मी बटाटे सोलत होते, सोलत राहिले.
गरजेपेक्षा जास्त सोलले गेले, एवढंच.

मग उजवं मनगट गेलं.
डॉक्टरीण म्हणाली, कोरणं बंद, निदान हिवाळाभर.
आणि नोकरी?
ती चालू दे, बटण दाबायला अंगठा पुरतो.

माझी आई, हिल्या, बूटकारखान्यात होती.
एकतीस वर्षं डाव्या पायाचेच बूट शिवले तिनं.
ती गेल्यावर कपाटात सापडले
विणलेल्या हातमोज्यांचे चौसष्ट जोड,
एकही न वापरलेला,
एकाची नक्षी दुसऱ्यावर नाही.
आणि मी समजत होते, हिला कुठं काय सुचतं!

आमच्या नदीचं नाव आईनदी.
जानेवारीत ती गोठते, लोक अंगावरून चालत जातात,
खाली मात्र ती वाहतच असते.
ही उपमा मला आवडत नाही.
खोडायची म्हणूनच लिहिली, आणि राहिली.

काल शाळेतून बोलावणं.
बाई काळजीत होत्या.
रूडी नाव उलटं लिहितो, आरशात पाहावं तसं.
त्यांनी वही पुढे सरकवली.
मी बघतच राहिले.
एकही अक्षर चुकलं नव्हतं.
माझ्या तुकड्यांवर मजकूर असाच कोरलाय,
उलटा, कागदावर सुलटा यावा म्हणून.
मोजा शोधता शोधता
पोरगं पलंगाखाली वाचायला शिकलं होतं.
बाईंना म्हटलं, समजावीन त्याला.

काही समजावलं नाही.
संध्याकाळी शाईचा डबा काढला, डाव्या हातानं.
झाकण लेलोनं उघडलं, दातओठ खाऊन.
रूळ रूडीकडे.
चमच्याच्या पाठीनं घासायचं, मी सांगितलं,
काळ्या पावावर थिजलेलं लोणी पसरतो तसं, दमानं.
कागद उचलला. घुबड आलं.
एक डोळा पुसट.
मी म्हणणार होते, पुन्हा करू,
तेवढ्यात लेलो म्हणाली,
हे तुझ्यासारखं झोपलंय, एक डोळा उघडा ठेवून.

साडेनऊला खालच्या लाइने आजी
उशी काखेत घेऊन झोपायला आल्या.
दोरीवर ओला कागद, शेजारी एकटा मोजा.
मी डबा घेतला, जिना उतरले,
अंगठ्याची शाई तशीच.

काल रात्री मोजताना त्र्याहत्तरवर चुकले.
पुन्हा एकपासून.