शून्य कुठे ठेवू

ग्राझमधल्या त्या तळघरात
टोपीच्या तारांचा गुंता सोडवत
फ्रीडलिंडे पुटपुटते, शून्य कुठे ठेवू?

नाकाच्या शेंड्यावर ठेवलं तर ओटोकारना शिंक येते.
काल टाळूवर ठेवलं,
उजव्या हाताची लाट निम्मी झाली.
कवटीखाली शेजारीच होता हात,
स्वतःतूनच वजा झाला.
कानामागचं हाड बरं, पण तिथे मान कुरकुरते.

अख्ख्या अंगावर एक गप्प जागा नाही.

ओटोकार डोंगरातले मोजणीदार.
पडले तेव्हापासून गळ्याखाली काही हलत नाही,
बोलतात मात्र भरपूर.
"इथलं प्रत्येक शिखर आम्ही
ट्रिएस्टच्या समुद्रापासून मोजायचो.
समुद्र कधी स्थिर असतो का, पोरी?
पण वहीच्या कोपऱ्यात लिहायचो,
कुठल्या समुद्रापासून ते."

ती उजव्या कानाच्या पाळीला चिमटा लावते.
वहीत लिहिते: उजवी पाळी.
"आता मूठ मिटा," म्हणते, आणि ओशाळते.
"म्हणजे, मनात."

"मनातच मिटतोय गं. सहा वर्षं."

पडद्यावर डावीकडची ओळ
थरथरायची थांबते, सपाट होते.
हात हलल्याची हीच खूण.

ती वाट पाहते.
ओटोकारनी मूठ अजून सोडलेली नाही.