घेण्यास नकार

लिफाफा मी आधी उलटा करून पाहिला.
सवय जात नाही.
एकतीस वर्षं ठाण्याच्या मोठ्या पोस्टात
रजिस्टरच्या खिडकीवर बसले,
तिकिटं आधी मोजते, मजकूर नंतर.
पंचवीस रुपये. शिक्का नौपाड्याचा.
नौपाड्याहून चरई म्हणजे
रिक्षावाला नाही म्हणतो, इतकं जवळ.

शरयू सोसायटी, बारा घरं,
जमीन बिवलकरांची, नव्याण्णव वर्षांच्या करारानं.
भुईभाडं वर्षाला एकशे चव्वेचाळीस
(जमावबंदीचं कलम, लक्षात ठेवायला सोपं),
तीन वर्षं थकलं, चारशे बत्तीस.
आणि त्याच्याच खाली, त्याच टायपात, न लाजता:
नोटिशीचा मसुदा साडेनऊ हजार,
कागदपत्रं वाचल्याचे सात हजार,
पत्रव्यवहार बत्तीसशे,
संकीर्ण चार हजार,
टपाल सहाशे पन्नास.

तळमजल्यावरचे समेळ म्हणाले,
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.
म्हटलं, समेळ, बारा आण्यांवर भागलं असतं
तर मी बोललेच नसते.
सगळे हसले.
मग एकेक जण हळूच म्हणाला, देऊन टाकू,
घरामागे दोन हजार, कोर्टाची पायरी नको.
सही माझी लागते. खजिनदार मी.
पेनचं टोपण मी काढलंच नाही.

थकलं म्हणजे काय, ते तरी बघा.
गणपुले यायचे दिवाळीनंतर,
सायकलच्या क्लिपा पायजम्याला तशाच,
उभ्यानं पावती फाडायचे,
फराळातली फक्त शेव घ्यायचे.
ते गेले. मग कुणीच आलं नाही.
न आलेल्या माणसाचाही खर्च
आमच्याच नावावर पडतो का?

मनिऑर्डर केली. तीन वर्षं, तीनदा.
तिन्ही परत. पोस्टमनच्या तिरक्या अक्षरात
घेण्यास नकार.
हा शेरा मी आयुष्यभर वाचला,
बापाचे पैसे परत करणारी लेक,
भावाची ओवाळणी परत करणारी बहीण,
खिडकीच्या आत बसून
मी परक्यांसाठी कितीदा गप्प झाले.
तो कधी माझ्या बाजूनं बोलेल
असं वाटलं नव्हतं.
शिलाईच्या डब्यात होते तिन्ही कागद,
बॉबिनांच्या खाली, चपटे, शहाणे.

उत्तर मीच लिहिलं.
महोदय, चारशे बत्तीसचा चेक सोबत आहे, पावती द्यावी.
तीन मनिऑर्डरींच्या नकला जोडल्या आहेत.
वकिलाचा खर्च आम्ही द्यावा
असं करारात कुठं आहे, कलम कळवावं.
सात हजारांचं वाचन झाल्यावरही
शरयूचं दोनदा शरद झालं आहे.
बाकी कायदा मला कळत नाही, टपाल कळतं.
लिफाफ्यावर पंचवीस आहेत. उरलेले सहाशे पंचवीस
कुठल्या खिडकीवर भरले,
त्या पोस्टाचं नाव कळवावं.
                    हेमलता टिपणीस

चौथ्या दिवशी पोच आली.
पंधरा दिवसांनी फोन: बाई, पाच हजारात मिटवू.
मग दोन. मग, बरं, हजार तरी द्या.
जांभळी नाक्यावर संध्याकाळी
उरलेल्या मेथीची जुडी अशीच उतरत जाते.
म्हटलं, मला स्वस्त नकोय हो, मला कलम हवंय.
पलीकडे कुणीतरी रिसीव्हरवर हात ठेवला.

चेक वटला आहे. पावती अजून नाही.
समेळ विचारतात, मग जिंकलो का आपण?
माहीत नाही.
पोचेच्या कार्डावरची सही मी भिंगातून पाहिली,
नाव लागत नाही.
पण घेतलंय कुणीतरी.