कच्चा तांबडा

रेशनचा जाडा तांदूळ चालतो.
रात्रभर भिजवायचा, सकाळी निथळून
कुकरमध्ये वाफवायचा, पण गाळ होऊ द्यायचा नाही.
शीत शिताला चिकटलं की बुरशीचा श्वास कोंडतो.
एवढं मुजावर सरांनी शिकवलं,
बाकीचं चुकत गेले तसं कळलं.

तिला तीस अंश लागतात.
मे महिन्यात सोलापूर त्रेचाळीस देतं.
प्रयोगशाळेतल्या उबवणीच्या कपाटाला फक्त तापवता येतं,
आमच्या गावासारखंच.
मग मी चंबू फरशीवर ठेवले, माठाला टेकवून,
वर ओली चादर,
सेकंडातली, मोराची मान चुकलेली.

चौथ्या दिवशी पांढरं जाळं.
सहाव्या दिवशी कडेकडेनं शेंदरी.
दहाव्या दिवशी असा तांबडा
की एक चंबू मी पिशवीत घालून घरी आणला.

नायनांनी चव्वेचाळीस वर्षं
अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत सूत रंगवलं.
नखांच्या मुळाशी अजून निळं आहे.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, वास घेतला,
"एर्र," म्हणाले.
मग मराठीत: "पक्का आहे का?"

रंगासाठी नाही हे, नायना.
ह्या भातात एक द्रव्य तयार होतं.
आपण झोपलो की यकृतात एक माग चालू होतो,
चरबी विणत बसतो.
तुमचा जरा जास्तच विणतो,
दोनशे अडुसष्ट.
हे द्रव्य दिसायला त्याच्या धोट्यासारखं,
पण धोटा नव्हे.
मागात शिरतं आणि अडकून बसतं.

ते गप्प झाले.
आमच्या पेठेत माग अडकला
की चुलीला आधी कळतं.
"अडकलेला माग," ते म्हणाले, "आणि तो चांगला?"

बुरशी हे आपल्यासाठी करत नाही.
तिला कोलेस्टेरॉल माहीत नाही, मल्लेशम माहीत नाही.
शेजारच्या कुणी आपल्या शितावर बसू नये
म्हणून तिनं लावलेली कडी असेल ही.

"दे मग एक चमचा."

नाही दिला.
त्याच पांढऱ्या धाग्यांतून दुसरंही एक पाझरतं,
मूत्रपिंडं पोखरणारं,
आणि ते डोळ्यांना वेगळं दिसत नाही.
कुठल्या चंबूत कुठलं किती, अजून मोजलेलं नाही.
मोजायचं यंत्र पुण्याला, नंबर तीन आठवड्यांनी.
तुम्ही तुमची पांढरी गोळीच घ्या,
तिच्या पूर्वजांतही कुणीतरी बुरशीच होती.

ते उठले.
मशीनच्या खणातून पांढऱ्या सुताची लडी काढली,
चार शितं पाण्यात कुस्करली,
बुडवली, पिळली, खिडकीच्या गजाला बांधली.
किती दिवसांनी हात असे चालताना पाहिले.

दोन दिवसांच्या उन्हात लडी
कांद्याच्या पापुद्र्याएवढी उरली.
"कच्चा," ते म्हणाले,
आणि त्या दिवशी न सांगता गोळी घेतली.

मी वहीत लिहिलं:
दिवस बारावा. उन्हात टिकत नाही.
निरीक्षक: मल्लेशम चिट्याल.