एक, तीन, चार, दोन

डिस्ट्रिब्युटर काढताना खूण करायची राहिली.
रंगाचा एक ठिपका बॉडीवर, एक ब्लॉकवर,
एवढंच तर काम.
म्हटलं, लक्षात राहील.
तीस वर्षं जिंतूरच्या स्टँडवर
गाड्यांच्या वेळा भोंग्यावर तोंडपाठ म्हणणारा माणूस मी.

नाही राहिलं.

नवे पॉइंट, नवा कंडेन्सर, धुतलेली कॅप,
रोटरची पितळी जीभ पॉलिश पेपरनं घासलेली.
सगळं बसवून हँडल मारलं,
तर चौऱ्याहत्तरची फियाट सायलेन्सरमधून
एकदाच बोलली, फाट्‌कन.
गिरणीच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली
आणि सोनटक्के पिठाच्या हातांनी बाहेर आला :
"काय कंट्रोलर, गाडी लेट?"

पुली पाहिली. खाच खुणेसमोर.
वायरी पाहिल्या. एक, तीन, चार, दोन.
एकानंतर सरळ दोन का नाही,
हे मी कधी कुणाला विचारलं नाही.
औंढ्यानंतर हिंगोली का, हे तरी कुठं विचारलं होतं.

खाजामिया आले नातवाच्या स्कूटरवर मागं बसून.
एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय.
बॉनेटमध्ये त्यांनी पाहिलंच नाही.
"एक नंबरचा प्लग काढा," म्हणाले,
आणि भोकावर अंगठा ठेवला.
"आता फिरवा. हळू. काही पळून नाही चाललं."

मी फिरवलं. खाच वर आली.
"आली," मी म्हणालो.
"रिकामी आली. फिरवा."
आणखी अख्खा फेरा होत आला
तेव्हा त्यांचा अंगठा उचलला गेला,
आतून कुणी दार ढकलावं तसा,
बारीक फुस्स झालं,
आणि मग खाच आली.
"ही. ही खरी.
खूण दोनदा येते, कंट्रोलरसाब,
एकदा छाती भरून, एकदा धूर सोडून.
पुलीला काय कळतंय?"

साडेनवाची परळी आठवली मला.
कधी दारात लटकलेली माणसं घेऊन यायची,
कधी नुसता ड्रायव्हर.
मी दोन्हीला एकाच आवाजात
"आली" म्हणायचो.

डिस्ट्रिब्युटर वर ओढला. अर्धा फेरा. खाली बसवला.
एवढ्यात लाइट गेली.
अख्ख्या गल्लीत अंधार, गिरणीचा पट्टा गरगरत थांबला,
नि माझ्या हातात इंडिकेटरच्या बल्बचा टेस्ट लॅम्प,
दोन वायरी लोंबणारा.
पॉइंट उघडले की पेटणार, मिटले की विझणार.

"खाच दहा अंश मागं घ्या," खाजामिया म्हणाले,
"ठिणगी वर पोचल्यावर नाही पाडायची. आधी."
"आधी?"
"पेटायला वेळ लागतो ना. तो धरूनच चालायचं."

माझ्या नोकरीत हा शब्दच नव्हता.
वीस मिनिटं उशिरा होतं,
प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर होतं,
आधी म्हणून काही सुटलेलं आठवत नाही.

बॉडी दोन बोटांनी फिरवत गेलो.
अंधार. अंधार. अंधार.
पेटला.
त्या उजेडात क्लॅम्प आवळला, तर
आवळता आवळता केसभर सरकलं.
पुन्हा सैल. पुन्हा अंधार.
घाम पापणीत उतरला, पुसायला हात मोकळा नव्हता.

तिसऱ्या हँडलला लागली.
खाजामियांनी मान तिरकी करून ऐकलं,
"बोरीच्या चढावर खडखडेल थोडी. पेट्रोलच तसं येतंय."
मग खिशातली चुन्याची डबी काढून
करंगळीनं एक ठिपका बॉडीवर दिला, एक ब्लॉकवर.
मी म्हणालो, तेलात टिकायचा नाही.
"नाही टिकायचा," ते म्हणाले,
आणि उरलेला चुना तंबाखूत मळत बसले.

गिरणीच्या काळोखातून हाक आली :
"कंट्रोलर, कुठली लागली?"

इंजिन चालू होतं.
मला पाटी सुचेना.