पाणी एकोणचाळीस फुटांवर

पहाटे साडेचारला दौलत नेजदारचा फोन.
"बंधाऱ्यावर पाणी किती?"
ऑगस्टात आमच्या गावात
कसा आहेस म्हणून कुणी विचारत नाही,
पाणी किती फुटांवर, एवढंच.
"एकोणचाळीस."
"मग इशारा हाय, धोका न्हाई. ये."

पोलीस मैदानावर चिखलात दोन-तीनशे माणसं,
नावं हजारभर आली होती म्हणे.
माझ्या छातीवरचा सहाशे चौदा
सुटायच्या आधीच ओघळला, उरला चौदा.
यास्मिन मुजावर म्हणाली, बघ, उभ्या उभ्या सहाशेंना मागं टाकलंस.
ती सीपीआरमधली रात्रपाळी संपवून तशीच आलेली,
हाताला स्पिरिटचा वास, डोळे चुन्यासारखे.
पार्श्वनाथ मगदूमनं बुटांवरून
दुधाच्या रिकाम्या पिशव्या बांधल्या होत्या.
आम्ही हसलो.
दौलत मात्र खाली वाकून नाड्या आवळत होता,
एसटीच्या चाकाचे नट आवळावेत तशा,
गाठ, त्यावर गाठ, त्यावर थुंकी.
"एक पन्नास," तो म्हणाला. "औंदा एक पन्नास.
कुणासाठी थांबणार न्हाई, आधीच सांगतो."

रंकाळ्यावर वारा आडवा.
पिशव्या तिथंच फाटल्या.
तळं रस्त्यावर आलेलं की रस्ता तळ्यात उतरलेला,
कठड्याला विचारावं तर कठडाही भिजून गप्प.
फुलेवाडीच्या पुढं पाऊस तोंडावर
मूठमूठ अक्षता टाकल्यासारखा,
लग्न कुणाचं ते कळेना.
दोन्हीकडचा ऊस एकमेकांच्या अंगावर पडून
भांडत होता, का समजूत काढत होता.
दौलतची पिवळी पाठ
आधी लिंबाएवढी झाली,
मग तीही नाही.

बालिंग्याच्या अलीकडं दोर बांधलेला.
हवालदार छत्री धरून, शिट्टी दातांत:
"पूल बंद. हितनंच वळा."
"पण पाणी तर खाली हाय, मामा."
"खाली हाय. वर यायला त्याला
तुमच्यागत नंबर लावाय लागतो व्हय?"
वळलो.
वळताना पार्श्वनाथची पोटरी धरली,
चिंचेच्या आकड्यासारखा वाकडा झाला तो,
रस्त्याच्या कडेला बसला आणि
देवाचं नाव घेता घेता
बूट कंपनीचं घेतलं.
यास्मिननं त्याचा पाय आपल्या मांडीवर ओढला,
अंगठ्यानं दाबत बसली.
"दमलो मी," ती म्हणाली. "पण पाय दुसऱ्याचा असला
की हात चालतात."
माझ्या नाकावरून पाणी
तिच्या मनगटावर, तिथून त्याच्या पोटरीवर.
केळं एकच होतं. लगदा झालेलं.
तिघांनी चाटलं.

मग चालत, मग लंगडत, मग
धावणं म्हणता येईल असं काहीतरी.
फुलेवाडीच्या थांब्याशी मैलाच्या दगडावर
पिवळं कोणीतरी बसलेलं.
"नाडी सुटली," दौलत म्हणाला.
कोणी काही बोललं नाही.
तो उठला आणि पार्श्वनाथच्या
वाऱ्याच्या बाजूला गेला.

मैदानावर पोचलो तेव्हा हवेची कमान बसली होती,
वेळ मोजणारी पट्टी गुंडाळून टेम्पोत.
पोत्यातून चार पदकं निघाली,
फितीचा रंग गळ्याला लागला.
"माझे एकवीस झाले न्हाईत," यास्मिन म्हणाली.
"पुलापाशी दीड चुकला."
आम्ही तिच्याकडं बघितलं. ती निघालीसुद्धा.
मैदानाला चार फेऱ्या,
बघायला एक कुत्रं आणि मांडववाल्याचा पोरगा.
शेवटच्या फेरीला त्या पोरानं काय वाटून कुणास ठाऊक
बांबू घातला कमानीखाली
आणि ओलं, जड, जाहिरातींचं ते कापड
डोक्याच्या वर धरलं, हात थरथरत.
आम्ही वाकून गेलो.

गंगावेशीत म्हशींच्या पाठीतून वाफ निघत होती.
समोर धार काढलेलं दूध, पेल्यात फेस,
बोटं पेल्याला चिकटलेली, सोडवत नव्हती.
दौलत फळीवर बसून नाड्यांशी झटत होता.
निघेनात. दातानं ओढून बघितलं.
गाठीवर गाठ, भिजून दगड झालेली.
यास्मिननं खिशातून पट्ट्या कापायची कात्री काढली,
त्याच्यासमोर उकिडवी बसली,
वर न बघता
दोन्ही नाड्या कापल्या
आणि म्हणाली, "दूध निवतंय. पी."