हजेरी

आमच्या भाषेत ईस्टरला पाश्के म्हणतात.
बाबा त्या पहाटे जन्मले, म्हणून पाश्क.
आजीला दुसरं काही सुचलंच नसेल.

मग सरकारनं देवळांनंतर नावं तपासायला घेतली.
श्कोदरच्या नोंदणी कचेरीत एक जाड वही होती,
मान्य नावांची: ससाणा, पोलाद, पहाट, विजय.
"निवडा," कारकून म्हणाला.
आमच्याच गल्लीतला होता, वाईट नव्हता,
त्याला फक्त रकाना भरायचा होता.
बाबा म्हणाले, "नाव मी घेतलं नव्हतं, मला दिलं होतं.
ज्यानं दिलं त्याला विचारल्याशिवाय कसं बदलू?"
त्यानं वर न बघता लिहिलं: पेत्रित.
पेत्रित म्हणजे ससाणा.
बाबांना शिडीवर चढायचीसुद्धा भीती वाटायची.

तंबाखूच्या कारखान्यात सकाळी सहाला हजेरी.
पेत्रित!
बाबा पहिल्या रांगेत, टोपी हातात धरून.
पेत्रित!
मुकादमापासून दोन हातांवर.
मुकादम "गैरहजर" लिहायचा, अर्धा रोज कापायचा,
आणि बाबा दिवसभर पानं जुडवायचे
गैरहजर माणसाच्या हातांनी.

आई एकदाच भांडली.
"ओ द्यायला काय जातं? देवाला खरं नाव ठाऊक नाही?"
डब्यात मक्याचं पीठ तळाला गेलेलं,
माझ्या बुटांत पुठ्ठा.
बाबा बराच वेळ चुलीतली राख सारत बसले.
"देवाला ठाऊक आहे गं. मीच विसरेन."

त्या वर्षी आईनं कांद्याच्या सालीत अंडी रंगवली,
खिडकीला घोंगडी लावून.
टरफलं खलबत्त्यात कुटून कोंबड्यांना घातली,
कचऱ्यात सापडायला नकोत.
सोमवारी बाईंनी आमची नखं पाहिली.
"काल काय खाल्लंस?"
"मक्याची भाकरी," मी म्हणाले. लगेच. सहज.
घरी येऊन रडले तेव्हा बाबा म्हणाले,
"तू नऊ वर्षांची आहेस. तुझ्या वाटचं मी बघतो.
पुढं तुझं तू."

कॅथेड्रलमध्ये आता व्हॉलीबॉलची जाळी होती.
शाळेची पोरं आम्ही तिथेच खेळायचो.
मी हरून आले की बाबा एवढंच विचारायचे:
"चेंडू डावीकडच्या कोपऱ्यात गेला होता का?
तिथं माझा बाप्तिस्मा झाला."

आणि मग ती जानेवारीतली सकाळ.
पेत्रित!
मागच्या रांगेतून रमीझ ओरडला, "हजर!"
रमीझ मुसलमान, त्याची मशीद कधीच गोदाम झालेली.
त्याला बाबांच्या मुलांची दया आली होती, इतकंच.
मुकादमानं सुटकेचा श्वास टाकला, पेन टेकवलं.
बाबांना तेवढं गप्प राहायचं होतं.
फक्त तेवढं, इतकी वर्षं राहिले तसं.
बाबांनी हात वर केला.
"पेत्रित आलेला नाही, साहेब. पाश्क आलाय."

सात वर्षं तांब्याच्या खाणीत.
तिथं नावच नव्हतं, आकडा होता: तीनशे बारा.
आकड्याला ते पहिल्या हाकेला ओ द्यायचे.
आकड्यानं कुणाचं नाव पुसलं नव्हतं म्हणे.
परत आले ते खोकत आले, दोन हिवाळे टिकले.
मृत्यूच्या दाखल्यावर पेत्रित.
आईनं तो दाखला पिठाच्या डब्याखाली ठेवला.
डब्याच्या आत कधी नाही.

आता जाळी काढलीय. जमिनीवरच्या
पांढऱ्या रेघा घासूनही पुरत्या गेल्या नाहीत.
तरुण पाद्री त्या काळातल्या मृतांची नावं वाचत होते,
घाईत, कारण यादी लांब आणि थंडी फार.
न्दोत्स. मर्ये. लेक.
पाश्क.
माझ्या तोंडून "हजर" निघालं,
घोगरं, नको तितकं मोठं.
पाद्री थांबले. बायका वळून बघायला लागल्या.
कुणी तरी मागून हसलं.
मला खाली बसायचं सुचेना.
डावीकडच्या कोपऱ्यात बादली ठेवली होती,
छत गळत होतं.