जे अडुसष्ट पॉइंट एक

रेकॉर्ड रूम तळमजल्यावर आहे.
पुराची रेघ अजून भिंतीवर, माझ्या खांद्याएवढी.
त्या वर्षापासून फायली वरच्या मांडणीवर
आणि मी खाली,
पंख्याच्या कुरकुरीत
माणसांचे आकडे करत असते.

दौलत पड्याळ, वय एकेचाळीस, राहणार वाकणवाडी,
काम : कंत्राटी हेल्पर, पहिली पाळी.
डिस्चार्ज नाही झालेला अजून;
विमावाल्यांना मात्र कोड आजच हवाय.

डॉक्टर खतीबांचं अक्षर म्हणजे
चिंबोरी चिखलावरून पळाली तसं.
तरी लागलं मला :
"फुफ्फुसात पाणी. तीव्र."
आणि त्याच्या पुढे काहीच नाही,
पूर्णविराम तेवढा ठळक.

पाण्यासाठी दोन खण आहेत माझ्याकडे.
जे एक्क्याऐंशी : पाणी, कारण सांगितलेलं नाही.
जे अडुसष्ट पॉइंट एक : पाणी,
वायू किंवा वाफ किंवा धूर ओढल्यामुळे;
आणि त्याच्याही आधी, वेगळ्या रकान्यात,
त्या वायूचं नाव.
आधी कोणी केलं, मग काय झालं.
पुस्तकात क्रम असा आहे,
गावात कधी असा नसतो.

नर्सच्या कागदावर मात्र, कडेला,
कोणीतरी बायकोचं बोलणं जसंच्या तसं उतरवलंय :
"पावणेतीनला वास आला म्हनं,
ओल्या पेंढ्यासारका.
कारखान्यात कुटला आलाय पेंढा?
घरी आले, पोराची सायकल नीट केली,
तिसऱ्यांचं कालवण नि भात जेवले, हसले पन.
रात्री दोनला उटून बसले नि
बुडत्या मान्सावानी हात मारायला लागले."

आमच्या घरी भात होता.
ओला पेंढा मला ठाऊक आहे,
उडवीत कोपरापर्यंत हात घातला की येणारा
तो कोंदट, किंचित गोड वास.
एका वायूलाही तो येतो, असं वाचलंय,
हळू मारणाऱ्या,
आधी घरी जाऊ देणाऱ्या.
पण वास म्हणजे निदान नव्हे,
बायको म्हणजे डॉक्टर नव्हे,
आणि मी तर कोणीच नव्हे;
लिहिलंय तेवढंच उचलायचं
ही आमची पहिली शिकवण.

विचारता येतं. छापील फॉर्म आहे.
फक्त उत्तर सुचवायचं नाही.
म्हणून लिहिलं, ज्याला कसलाच वास येणार नाही असं :
"फुफ्फुसातील पाण्याचे कारण स्पष्ट करावे."

दुपारी वर गेले, सही हवी होती.
खाट चार.
हा माणूस ओहोटीला खाडीत बुडी मारायचा तर
शंभर आकडे होईपर्यंत वर यायचा नाही,
शेजारच्या खाटेवरचा सांगत होता.
आता मास्कमधून दोन शब्दांवर थांबत होता.
मला बघून म्हणाला,
"बाय... लागला काय... माजा नंबर?"
बिलाचं विचारत होता तो.
मी म्हटलं, लागेल.

संध्याकाळी फॉर्म परत आला.
खालती एक ओळ :
"इको नॉर्मल. हृदय ठीक."
हृदय नाही, तर मग काय,
हे डॉक्टरांना कळलंय,
मला कळलंय,
जीपमधून दोनदा येऊन
खाट चारवर मोसंब्यांची पिशवी ठेवून गेलेल्या
त्या इस्त्रीच्या शर्टालाही.
पण तपासणीवरून अर्थ काढणं
माझ्या हुद्द्यात बसत नाही.

जे एक्क्याऐंशी टाकलं तर
सहाला फाइल बंद,
सव्वासहाच्या गुहागर गाडीत मी.

दुसरा फॉर्म काढला.
त्याच प्रश्नाखाली, यावेळी,
नर्सच्या कागदाचं पान, ओळ आणि वेळ घातली.
पावणेतीन.
सुचवलं काहीच नाही.
फक्त पेंढा हा शब्द
अवतरणचिन्हांत ठेवला,
बोलला गेला होता तसा.

गाडी गेली.
फॉर्म घेऊन जिना चढताना
उगाच श्वास धरून बघितला,
शंभरापर्यंत जमतो का.
एकवीसला सोडला.